ऑलिम्पिकचं गोल्ड मेडल सहा महिन्यांत काढून घेतलं, पूर्ण परत द्यायला ११० वर्षं लावली : जिम थॉर्पची गोष्ट

ऑलिम्पिकच्या अधिकृत नोंदीत आज १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकचे निकाल काढून बघा. पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही प्रकारांत गोल्ड मेडलच्या पुढे एकच नाव दिसेल. जिम थॉर्प, अमेरिका.

हेच निकाल तुम्ही २०२१ मध्ये बघितले असते, तर दोन्हीकडे दोन-दोन विजेते दिसले असते. आणि १९८० मध्ये बघितले असते, तर थॉर्पचं नावच सापडलं नसतं. एका ठिकाणी नॉर्वेचा फर्डिनंड बी आणि दुसऱ्या ठिकाणी स्वीडनचा ह्यूगो वीसलँडर, हे दोघं विजेते म्हणून दिसले असते.

म्हणजे मैदानात जे व्हायचं ते १९१२ च्या जुलैमध्ये होऊन गेलं होतं. कोण किती लांब उडाला, कोण किती सेकंदात पळाला, यावर कुणाचा वादच नव्हता. तरी निकाल पुढची ११० वर्षं बदलत राहिला. विषय नेमका काय होता, ते समजून घ्यायला थॉर्पच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागेल.

थॉर्पचा जन्म १८८७ चा मानला जातो. आज ज्याला आपण ओक्लाहोमा राज्य म्हणतो तो भाग तेव्हा राज्य नव्हता, मूळनिवासी जमातींना हाकलून जिथं वसवलं होतं तो 'इंडियन टेरिटरी' नावाचा प्रदेश होता. थॉर्प सॅक अँड फॉक्स या जमातीचा. जमातीतलं त्याचं नाव होतं वा-थो-हुक. विजेच्या लखलखाटात उजळून निघालेली वाट, असा काहीसा त्याचा अर्थ.

त्याला चार्ली नावाचा जुळा भाऊ होता. दोघं कायम बरोबर. नऊ वर्षांचे असताना चार्ली आजारपणात गेला आणि जिमचं शाळेतलं लक्ष कायमचं उडालं. तो शाळेतून पळून घरी यायचा, वडील त्याला परत नेऊन सोडायचे, तो पुन्हा पळायचा. शेवटी वडिलांनी त्याला इतक्या लांबच्या शाळेत टाकलं की पळून येणं सोपं राहणार नाही. पुढे काही वर्षांत आई गेली, मग वडीलही गेले. विशीच्या आत पोरगं पोरकं झालं.

१९०४ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलमध्ये आला.

या शाळेबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे घडलं त्याची मुळं इथं आहेत. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने एका जुन्या छावणीत ही शाळा काढली. हेतू उघड होता. मूळनिवासी पोरांना त्यांच्या घरापासून तोडायचं आणि त्यांना गोऱ्या माणसांसारखं करायचं. आल्या आल्या केस कापायचे, अंगावर गणवेश चढवायचा, घरची भाषा बोलली की शिक्षा. अर्धा दिवस शिकायचं, अर्धा दिवस काम करायचं. शिवाय पोरांना आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे महिनोन् महिने कामाला पाठवायचे. थॉर्पही अशा शेतांवर राबला.

इथंच १९०७ मध्ये तो कोचच्या नजरेत आला. गोष्ट अशी सांगतात की पोरं उंच उडीचा सराव करत होती आणि बार ५ फूट ९ इंचांवर होता. कुणालाच जमेना. कामाच्या कपड्यात तिथून चाललेल्या थॉर्पने एकदा करून बघतो म्हटलं आणि पहिल्याच फटक्यात उडी मारून तो निघूनही गेला. दुसऱ्या दिवशी कोच ग्लेन वॉर्नर यांनी त्याला बोलावून घेतलं. वॉर्नर यांना सगळे 'पॉप' वॉर्नर म्हणायचे. अमेरिकन फुटबॉलमधलं ते मोठं नाव.

वॉर्नर यांना या पोराला फुटबॉलमध्ये उतरवायची भीती वाटत होती, कारण ट्रॅकवरचा हिरा तिथं हातपाय मोडून घेईल. पण थॉर्प ऐकणाऱ्यातला नव्हता. १९११ मध्ये या छोट्या शाळेच्या टीमने हार्वर्डला १८-१५ असं हरवलं. त्यातले चार फील्ड गोल एकट्या थॉर्पचे होते. तेव्हाचं हार्वर्ड म्हणजे श्रीमंतांच्या पोरांची बलाढ्य टीम.

आता स्टॉकहोम.

१९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन हे दोन नवे प्रकार आले होते. पेंटॅथलॉन म्हणजे एकाच दिवसात पाच खेळ. लांब उडी, भालाफेक, २०० मीटर, थाळीफेक आणि १५०० मीटर. प्रत्येक खेळात तुमचा जितवा नंबर येईल तितके गुण, आणि ज्याचे गुण सगळ्यात कमी तो विजेता. ७ जुलैला थॉर्प उतरला. पाचपैकी चार खेळांत पहिला आला. उरलेल्या भालाफेकीत तिसरा. बेरीज ७. दुसऱ्या नंबरवरच्या बीची बेरीज होती २१. इतका फरक असल्यावर त्याला स्पर्धा म्हणायचं का, असाच प्रश्न पडतो.

मधल्या दिवसांत तो रिकामा बसला नाही. उंच उडीच्या वेगळ्या स्पर्धेत चौथा आला, लांब उडीत सातवा. मग १३ ते १५ जुलै अशी तीन दिवस डेकॅथलॉन चालली. १०० मीटर, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी, ४०० मीटर, थाळीफेक, ११० मीटर अडथळ्यांची शर्यत, बांबू उडी, भालाफेक आणि शेवटी १५०० मीटर. असे दहा खेळ. डेकॅथलॉनमध्ये शरीरं एका ठराविक साच्यातली असतात, म्हणजे जो गोळा लांब फेकतो तो १५०० मीटरमध्ये धापा टाकतो आणि जो हलका, पळणारा असतो त्याचा गोळा जवळच पडतो. थॉर्प गोळाफेकीतही पहिला आला आणि १५०० मीटरमध्येही. उंच उडी आणि अडथळ्यांच्या शर्यतीतही तोच पहिला. तेव्हाच्या कोष्टकाप्रमाणे त्याचे गुण झाले ८,४१२. दुसऱ्या नंबरवरच्या वीसलँडरचे ७,७२४. हा आकडा मोडायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

स्टॉकहोममधला त्याचा एक फोटो सोशल मीडियावर दरवर्षी फिरतो. नीट बघितलं तर त्याच्या दोन पायांत दोन वेगवेगळे बूट आहेत आणि मोजेही वेगळे. त्याचे बूट ऐनवेळी कुणीतरी चोरले, मग एक बूट उसना आणि एक कचऱ्याच्या डब्यातून काढलेला, असे घालून तो उतरला, असं सांगितलं जातं. फोटो खरा आहे. गोष्टीला मात्र सांगणाऱ्यांनी थोडं मीठमसाला लावलेला असू शकतो.

बक्षीस द्यायला स्वीडनचा राजा पाचवा गुस्ताव होता. जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू अशा शब्दांत त्याने थॉर्पचं कौतुक केलं आणि थॉर्पने राजाचे साध्या दोन शब्दांत आभार मानले, ही आख्यायिका अमेरिकेत पोराटोरांना माहीत आहे. मेडलबरोबर राजाकडून एक ब्राँझचा अर्धपुतळा आणि रशियाच्या झारकडून जहाजाच्या आकाराचं चांदीचं पात्रही मिळालं.

त्याच ऑलिम्पिकमध्ये कार्लाइलचाच आणखी एक पोरगा होता. होपी जमातीचा लुईस तेवानिमा. त्याने १०,००० मीटरमध्ये सिल्व्हर मिळवलं. ज्या सरकारी शाळेत त्यांची भाषा बोलायला बंदी होती, त्या एका शाळेतल्या दोघांनी अमेरिकेला तीन मेडल आणून दिली. आणि तेव्हा सगळ्या मूळनिवासी लोकांना अमेरिकेचं नागरिकत्वसुद्धा नव्हतं. तो सरसकट कायदा १९२४ मध्ये आला.

न्यूयॉर्कमध्ये थॉर्पची मिरवणूक निघाली. हे सगळं टिकलं जेमतेम सहा महिने.

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरातल्या एका पेपरने बातमी छापली की थॉर्पने ऑलिम्पिकच्या आधी पैसे घेऊन बेसबॉल खेळलं आहे. बातमी खरी होती. १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात तो नॉर्थ कॅरोलिनातल्या छोट्या लीगमध्ये खेळला होता. पैसे किती? पोटापुरते. सामन्याला दोन डॉलर इतकाही आकडा सांगितला जातो.

मग यात बिघडलं काय? तर तेव्हा ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. कुठल्याही खेळातून कधीही पैसे घेतले, की तुम्ही व्यावसायिक झालात आणि ऑलिम्पिकमधून बाद. बेसबॉलचा डेकॅथलॉनशी काय संबंध, हा प्रश्न विचारायची सोय नव्हती.

हा नियम ऐकायला पवित्र वाटतो. खेळ प्रेमासाठी खेळावा, पैशासाठी नाही वगैरे. पण त्याचा जन्म कुठं झाला ते बघायला हवं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नौकानयनाच्या बड्या स्पर्धांत हातांनी मजुरी करणाऱ्याला 'हौशी' मानतच नसत. कारागीर, मजूर सगळे बाहेर. क्रिकेटमध्येही 'जंटलमेन' आणि 'प्लेयर्स' अशा दोन वेगळ्या जाती होत्या. ज्याच्या घरी बापजाद्यांचा पैसा आहे, तो वर्षभर फुकट सराव करू शकतो आणि हौशी राहू शकतो. ज्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत चार पैसे कमवल्याशिवाय भागत नाही, तो आपोआप बाद. पुढे १९८० च्या दशकात ऑलिम्पिकने हा नियम हळूहळू सोडून दिला आणि १९९२ मध्ये बार्सिलोनात एनबीएचे कोट्यधीश खेळाडू गोल्ड घेऊन गेले. पण ते खूप नंतर.

अमेरिकेतल्या कॉलेजची कितीतरी पोरं उन्हाळ्यात असं बेसबॉल खेळायची. फरक इतकाच की ती खोटं नाव लावायची. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. आकडे, धावा सगळं तिथल्या पेपरात त्याच्या नावावर छापून आलं होतं. ज्याला लपवायचंय असा माणूस हे करेल का, ते तुम्हीच ठरवा.

थॉर्पने अमेरिकेच्या अमॅच्युअर ॲथलेटिक युनियनचे सचिव जेम्स सलिव्हन यांना पत्र लिहिलं. बातमी खरी असल्याचं कबूल केलं. आपण शाळकरी मूळनिवासी पोरगा होतो, या नियमांची जाण नव्हती, इतर पोरं जे करत होती तेच केलं फक्त नाव बदललं नाही, असा त्याचा आशय होता. पत्रामागे डोकं वॉर्नर यांचं होतं असं बरेच अभ्यासक मानतात. वॉर्नर यांनी स्वतः मात्र कानावर हात ठेवले. आपल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, ही त्यांची भूमिका. ज्या कोचच्या टीमचा मुख्य खेळाडू दोन वर्षं शाळेतून गायब होता, त्याला तो कुठं होता हे माहीत नसावं, हे पटायला अवघड आहे.

आणि हे सलिव्हन कोण? १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकच्या वेळी 'अँथ्रपॉलॉजी डेज' नावाचा एक लाजिरवाणा प्रकार झाला होता. जत्रेत प्रदर्शनासाठी आणलेल्या मूळनिवासी आणि इतर जमातींच्या लोकांना कसलाही सराव न देता, नियम धड न समजावता गोळाफेक, शर्यती वगैरे खेळायला लावलं. मग त्यांचे आकडे दाखवून गोरे खेळाडू जन्मतःच कसे वरचढ आहेत, असा निष्कर्ष काढला. त्या आयोजनात हे सलिव्हन पुढे होते.

युनियनने थॉर्पचा हौशी दर्जा मागच्या तारखेपासून काढून घेतला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याचं नाव निकालातून पुसलं. मेडल, राजाचा पुतळा, झारचं पात्र, सगळं परत पाठवायला लावलं. पेंटॅथलॉनचं गोल्ड बीला आणि डेकॅथलॉनचं वीसलँडरला गेलं. दोघंही हे स्वीकारायला खुश नव्हते, खरा विजेता थॉर्पच आहे असंच ते मानत राहिले.

आता यातली खरी मेख. नियमांवर बोट ठेवून ज्यांनी मेडल काढून घेतलं, त्यांनीच नियम मोडला होता. १९१२ च्या ऑलिम्पिकच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं की एखाद्या खेळाडूच्या पात्रतेवर आक्षेप असेल, तर तो ३० दिवसांच्या आत स्वीडिश संयोजकांकडे लेखी द्यायचा. बातमी आली सहा महिन्यांनी. म्हणजे त्यांच्याच पुस्तकाप्रमाणे विषय केव्हाच बंद झाला होता. पण हे सांगायला थॉर्पच्या बाजूने कुणी उभंच राहिलं नाही. वकील नाही, शाळा नाही, कोच नाही. नियमावली कपाटात पडून राहिली.

थॉर्पने पुढे काय केलं? पोट भरलं. आता व्यावसायिक ठरवलंच आहे तर व्यावसायिक म्हणून खेळला. १९१३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून बेसबॉल, मग १९१९ पर्यंत मोठ्या लीगमध्ये. फुटबॉलमध्ये कॅन्टन बुलडॉग्जने त्याला सामन्याला २५० डॉलर दिले, तेव्हा ही मोठी रक्कम होती. आज जगातली सगळ्यात श्रीमंत लीग मानली जाणारी एनएफएल १९२० मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, तिचा पहिला अध्यक्ष म्हणून थॉर्पलाच बसवलं होतं. कारभार बघायला नाही, तर त्याच्या नावावर गर्दी जमते म्हणून.

चाळिशीपर्यंत तो खेळला. मग महामंदी आली आणि त्याच्याकडे विकायला काही उरलं नाही. खड्डे खणायची मजुरी केली, हॉलिवूडमध्ये गर्दीतल्या बारीकसारीक भूमिका केल्या. दारूही होती. तीन लग्नं झाली, त्यातली दोन मोडली. पहिला मुलगा लहानपणीच गेला होता. या काळाबद्दल फार रंगवून लिहिलं जातं, पण इतकं म्हणता येईल की मजुरी करतानाही तो स्वतःला बिचारा म्हणवून घेत फिरला नाही. मूळनिवासी भूमिकांसाठी खऱ्या मूळनिवासी लोकांनाच घ्यावं म्हणून हॉलिवूडमध्ये तो भांडत राहिला.

१९३२ चं ऑलिम्पिक लॉस एंजेलिसमध्ये होतं, तो राहत होता त्याच भागात. तिकीट काढायला पैसे नव्हते. ही बातमी फुटल्यावर अमेरिकेचे उपाध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी त्याला आपल्या शेजारी बसायला बोलावलं. कर्टिस स्वतः कॉ जमातीच्या रक्ताचे. थॉर्प आलाय म्हटल्यावर स्टेडियम उठून उभं राहिलं. अधिकृत निकालात मात्र तेव्हाही त्याचं नाव नव्हतं.

१९५० मध्ये असोसिएटेड प्रेसने क्रीडा पत्रकारांचा कौल घेतला, त्यात अर्ध्या शतकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून थॉर्प निवडला गेला. १९५१ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, बर्ट लँकेस्टर हिरो. त्याच वर्षी थॉर्पला ओठाचा कॅन्सर झाला आणि उपचाराला पैसे नसल्याने त्याला धर्मादाय रुग्ण म्हणून दाखल व्हावं लागलं. २८ मार्च १९५३ ला कॅलिफोर्नियातल्या लोमिटा इथं, ट्रेलरच्या घरात, हार्ट अटॅकने तो गेला.

मेडल परत मिळावीत म्हणून त्याच्या हयातीतही मागण्या झाल्या होत्या. पण १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षं ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष होते एव्हरी ब्रंडेज. त्यांनी हे कधीच मान्य केलं नाही. योगायोग बघा, हे ब्रंडेज १९१२ मध्ये थॉर्पच्याच टीममध्ये होते. पेंटॅथलॉनमध्ये ते पहिल्या तिघांत नव्हते आणि डेकॅथलॉन त्यांनी अर्धवट सोडली होती.

कोंडी फोडली ती एका नवरा-बायकोने. थॉर्पचा चरित्रकार रॉबर्ट व्हीलर आणि त्याची बायको फ्लॉरेन्स रिडलन. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये शोधता शोधता रिडलन यांच्या हाती १९१२ ची ती नियमावली लागली, आणि तिच्यात ३० दिवसांचं कलम. सत्तर वर्षं जे कुणी उघडून बघितलं नव्हतं ते छापील पुराव्यासकट समोर आलं. ऑक्टोबर १९८२ मध्ये समितीने निर्णय फिरवला आणि जानेवारी १९८३ मध्ये थॉर्पच्या मुलांच्या हातात मेडल दिली. मूळ मेडल चोरीला गेलेली, ही नव्याने बनवलेली.

पण इथंही कंजूषपणा केलाच. थॉर्प एकटा विजेता नाही, बी आणि वीसलँडर यांच्याबरोबर 'सहविजेता'. मैदानात ७ विरुद्ध २१ झालेली स्पर्धा कागदावर बरोबरीत सुटली. हे अर्ध्या दिलाने केलेलं काम होतं असं आमचं स्पष्ट मत आहे. नियमानुसार आक्षेपच अवैध होता, तर मूळ निकालच लागू व्हायला हवा होता.

पुढची चाळीस वर्षं थॉर्पचे वारस आणि मूळनिवासी संघटना हेच सांगत राहिल्या. शेवटी वीसलँडरच्या कुटुंबाने, स्वीडन आणि नॉर्वेच्या ऑलिम्पिक समित्यांनी संमती दिली. वीसलँडरच्या घरच्यांनी तर स्पष्ट केलं की त्यांनी ते गोल्ड कधी आपलं मानलंच नव्हतं. १५ जुलै २०२२ ला, म्हणजे डेकॅथलॉन जिंकल्याला बरोबर ११० वर्षं झाली त्या दिवशी, थॉर्प एकमेव विजेता असल्याचं जाहीर झालं. बी आणि वीसलँडर यांच्या नावापुढे सिल्व्हर लागलं. मे २०२४ मध्ये अमेरिकेने त्याला मरणोत्तर 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' दिलं.

एक गोष्ट मात्र अजून तशीच आहे. थॉर्प वारल्यावर ओक्लाहोमात जमातीच्या पद्धतीने अंत्यविधी सुरू होते. ते चालू असतानाच त्याची तिसरी बायको पॅट्रिशिया आली आणि मृतदेह घेऊन गेली. ओक्लाहोमा सरकारने स्मारकाला पैसे द्यायला नकार दिला होता आणि ती दुसरी जागा शोधत होती. पेनसिल्व्हेनियात मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक नावाची शेजारची दोन गावं होती, कोळशाचा धंदा बसल्यामुळे मोडकळीला आलेली. पर्यटक येतील या आशेने त्यांनी मृतदेह स्वीकारला, १९५४ मध्ये दोन्ही गावं एक केली आणि नाव ठेवलं 'जिम थॉर्प'. त्या गावाशी थॉर्पचा काही संबंध नव्हता.

वडिलांना जमातीच्या मातीत आणावं म्हणून मुलगा जॅक थॉर्प २०१० मध्ये कोर्टात गेला. तो २०११ मध्ये वारला, पुढे भावांनी आणि जमातीने केस चालवली. २०१३ मध्ये खालच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने तो फिरवला आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. थॉर्पची कबर आजही त्याच गावात रस्त्याकडेला आहे. तिच्यात ओक्लाहोमाची थोडी माती आणून टाकली आहे, आणि थोडी स्टॉकहोमच्या स्टेडियमची.